दहा बावन्नची एक्केचाळीस पत्रं

१

गुरुवारी सकाळी अकराला पाच मिनिटं कमी असताना ऑपरेटरबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझी पत्रं चोरीला गेलीत. एक्केचाळीस."

मी नव्या पुस्तकांची कार्डं लिहीत होते. आमच्या वाचनालयात चोरी होते ती मासिकांची, आणि तीही बहुतेक वेळा शब्दकोड्याच्या पानापुरती. पत्रांची चोरी मला नवी होती.

"कुठं ठेवली होती?" मी विचारलं.

"कुठंच नाही. मी ती लिहून नाहीशी करत होते."

मी पेनाला टोपण लावलं. सव्वीस वर्षं मी इथं ग्रंथपाल आहे. माणसं माझ्याकडे नाना हरवलेल्या वस्तू विचारायला आली आहेत, पण नसलेली वस्तू चोरीला गेली म्हणून आजवर कुणी आलं नव्हतं.

आधी मागच्या खोलीबद्दल सांगायला हवं. पूर्वी तिथं वर्तमानपत्रांचे बांधलेले गठ्ठे असायचे. आता तिथं चार कॉम्प्युटर आहेत, आणि मंगळवारी-गुरुवारी दहा ते बारा साठीपुढच्या लोकांचा वर्ग भरतो. कॉम्प्युटर आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं, हे कबूल करते. माझी कार्डं वीज गेली तरी वाचता येतात. वर्गात कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. ज्यानं जन्मभर जे काम केलं, तेच त्याचं नाव. ऑपरेटरबाई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. अजूनही त्या पाठ ताठ ठेवून बसतात आणि समोरच्याचं वाक्य पुरं झाल्याशिवाय बोलत नाहीत.

त्यांनी मला चार नंबरच्या टेबलापाशी नेलं. हे टेबल कोपऱ्यात, भिंतीला लागून. भिंतीतलं इंटरनेटचं कनेक्शन पहिल्याच महिन्यात मेलं होतं आणि ते दुरुस्त करायला कुणाला सवड झाली नव्हती. म्हणून चार नंबर हे नुसतं सरावाचं मशीन. तिथं दुसरं कुणी बसायला तयार नसे. वर्षभर ते ऑपरेटरबाईंचंच झालं होतं.

पडद्यावर अक्षरं एवढी मोठी करून ठेवलेली होती, की एका ओळीत जेमतेम चार शब्द मावत होते आणि बाकी सगळं कडेनं बाहेर गेलं होतं. मी चष्म्याशिवाय वाचलं.

"ताई, मंगळवारी तुझी पत्रं आली. एक्केचाळीस. दोन दिवस तीच वाचतेय. शनिवारी संध्याकाळी निघते, रविवारी सकाळी पोचेन. दार उघडशील ना? तुझी धाकटी."

"धाकटी म्हणजे बहीण?"

"हो. अकरा वर्षांत बोललो नाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आई अंथरुणाला खिळली होती तेव्हा ती फोनवर मला फार लागेल असं बोलली. मी मधेच लाइन कापली. नोकरीत कधी कुणाची कापली नाही हो मी. लोक तासन्‌तास भांडायचे, तरी कापली नाही. हिची कापली. मग तिनं केला नाही, मी केला नाही. आई गेली, तरी नाही."

"आणि ही पत्रं?"

"दर गुरुवारी एक लिहायची. मनातलं बोलून मोकळी व्हायची. मग पत्र नाहीसं करायची आणि घरी जायची. ह्या मशीनवरून काही बाहेर जात नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे कुणीतरी वर्षभर माझ्या पाठीमागे ती पत्रं गोळा करत होतं, आणि मंगळवारी सगळी एकदम तिला पाठवून दिली." त्यांचा आवाज बारीक झाला. "शनिवारी दुपारी मी तिला कळवणार आहे. पत्रं मी पाठवली नाहीत, येऊ नकोस. लोकांच्या चोरीवर मला बहीण परत नको."

त्या वळल्या आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं.

"चोर कोण, तेही मला माहीत आहे. तीन नंबरवर बसतो."

तीन नंबरवर पोस्टमनकाका बसतात.

२

अशा वेळी पोलिसांकडे जायचं नसतं आणि वाचनालयाच्या कमिटीकडे तर मुळीच जायचं नसतं. मी हजेरीमास्तरांना बाजूला घेतलं.

हजेरीमास्तर एका कारखान्यात टाइमकीपर होते. गेटपाशी उभं राहून कामगारांची कार्डं छापून घ्यायची, उशिरा येणाऱ्याचं मिनिट टिपायचं, हे त्यांनी पस्तीस वर्षं केलं. ती सवय काही सुटली नाही. वर्गाची हजेरी घ्या असं त्यांना कुणी सांगितलेलं नाही, तरी लाल कापडी पाठीच्या वहीत ते प्रत्येकाची येण्या-जाण्याची वेळ लिहितात. कॉम्प्युटरवर मात्र त्यांची प्रगती बेताची. माउस धरताना ते श्वास रोखून धरतात.

सगळं ऐकून ते म्हणाले, "पहिला संशय तुमच्यावर."

"माझ्यावर?"

"किल्ली तुमच्याकडे असते."

"मास्तर, मला ते मशीन चालू कुठून होतं तेही ठाऊक नाही!"

"तेच सांगायचं होतं तुम्हाला," ते म्हणाले आणि वहीत माझ्या नावावर काट मारली. मला राग आला, पण थोडं हसूही आलं.

शिकवणाऱ्या ताईंनी चार नंबरवर पाठवलेल्या पत्रांची यादी उघडली. ताई चाळिशीच्या, वर्गातल्या सगळ्यांपेक्षा लहान, तरी सगळ्यांच्या ताई. एकाखाली एक एक्केचाळीस ओळी. प्रत्येक पत्राच्या आत ऑपरेटरबाईंनी हातानं लिहिल्यासारखी तारीख टाकलेली, दर वेळी वेगळा गुरुवार. पण बाहेर, पत्र गेल्याची वेळ, सगळ्यांची एकच होती. मंगळवार, दहा वाजून बावन्न मिनिटं.

हजेरीमास्तर यादीकडे बराच वेळ बघत राहिले. शाळेतल्या मुलासारखं बोट ठेवून त्यांनी एकेक ओळ मोजली. एक्केचाळीसवर आल्यावर म्हणाले, "असं मी पूर्वी पाहिलंय."

"कुठं?" मी विचारलं.

त्यांनी वही उघडली आणि मंगळवारचं पान माझ्यासमोर धरलं. ऑपरेटरबाई: गैरहजर, डोळ्यांचे डॉक्टर. ताई: दहा वाजून दहा मिनिटं. पावणेअकरा ते अकरा चहाची सुट्टी. चहाला पुढच्या खोलीत कोण कोण होतं, तेही लिहिलेलं. ताई होत्या, मी होते, स्वतः मास्तर होते.

दोघंजण नव्हते. घड्याळजी आणि पोस्टमनकाका.

३

पोस्टमनकाकांना मास्तरांनी वाचनालयाच्या पायरीवर गाठलं. मी साक्षीला. काकांना खुर्चीत फार वेळ बसवत नाही. दर अर्ध्या तासानं ते उठतात आणि इमारतीला एक फेरी मारून येतात. पायांना तेवढीच सवय आहे, असं त्यांचं म्हणणं.

"मंगळवारी चहाच्या वेळी कुठं होतात?"

"फेरी मारत होतो. दोन मारल्या." त्यांनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं पाहिलं. "बाई म्हणतायत का, मी पत्रं चोरली?"

मास्तरांनी वहीत बघितलं, मी पायरीकडे, म्हणजे बोलल्यासारखंच झालं.

काका पायरीवर बसले. त्यांचा चेहरा उतरला. "चौतीस वर्षं थैली वाहिली मी. कुत्री चावली, पाय मोडला. एक पाकीट कधी उजेडाला धरून पाहिलं नाही. लोक म्हणायचे, काका, वाचून दाखवा. तेव्हा वाचायचो. न विचारता नाही. आणि बाईंना वाटतं..."

"त्या काय लिहितात, ते तुम्हाला माहीत नव्हतं?" मास्तरांनी विचारलं.

"काय लिहितात ते नाही. कुणाला लिहितात ते माहीत होतं."

मी चमकले. मास्तर मात्र शांत होते.

"शेजारी बसलं की नजर जाते हो," काका म्हणाले. "पण माझी नजर पत्त्यावर जाते. पत्रावर जात नाही. सवयच तशी. पहिल्या गुरुवारी बाईंनी बहिणीचा मेलचा पत्ता वहीतून बघून टाइप केला. एकेक अक्षर तपासून. नंतर दर गुरुवारी तसंच. इतकी भिंगं लावून पत्ता तपासणारा माणूस मी पोस्टातसुद्धा पाहिला नाही. पत्ता दर वेळी बरोबर असायचा."

"दर वेळी?"

"एकदासुद्धा चुकला नाही. मी मनात म्हणायचो, हे पत्र पोचणार."

मास्तरांनी ते शब्द वहीत उतरवून घेतले. जाताना मी काकांना म्हटलं, मनाला लावून घेऊ नका. ते म्हणाले, "मनाला नाही लावून घेत. फक्त मंगळवारपासून मी येणार नाही."

मला ऑपरेटरबाईंचा असा राग आला, की त्या समोर असत्या तर काहीतरी बोलून गेले असते.

४

शुक्रवारी मास्तरांनी ताईंना गाठलं. ताई रडवेल्या झाल्या होत्या. वर्गातल्या कुणाचं खाजगी पत्र बाहेर गेलं, हे कमिटीला कळलं तर वर्ग बंद होईल आणि त्यांचं नावही जाईल.

"चार नंबरचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?" मास्तरांनी विचारलं.

"सगळ्यांना. कीबोर्डखाली चिठ्ठी चिकटवली आहे ना! सुरुवातीला सगळे विसरायचे." त्यांनी कपाळाला हात लावला. "मशीन चालू केलं की मेल आपोआप उघडावं, अशी सोयसुद्धा मीच करून ठेवली होती. त्यांना ते शोधता येत नसे. आणि घाबरू नयेत म्हणून मी सगळ्यांना सांगायची, चार नंबरवर बसून कुठलंही बटण बिनधास्त दाबा, इथून काही बाहेर जात नाही."

"मंगळवारी चार नंबर चालू होतं?"

"मी आल्या आल्या चारही चालू करते."

"आता एक काम करा. पत्र उघडायचं आणि पाठवायचं, असं एकदा करून दाखवा. मी वेळ लावतो."

ताईंनी करून दाखवलं. मास्तरांनी खिशातल्या जुन्या घड्याळात पाहून वहीत आकडा लिहिला आणि समाधानानं मान हलवली. कशाबद्दल, ते मला सांगितलं नाही. हा त्यांचा स्वभाव मला आवडत नाही.

घड्याळजींकडे आम्ही त्यांच्या दुकानात गेलो. दुकान आता मुलगा बघतो. घड्याळजी आतल्या बाजूला, डोळ्याला भिंग लावून, कुणी मागायला न आलेली घड्याळं साफ करत बसतात. माणूस लाखात एक, पण कुठलीही बंद वस्तू दिसली की त्यांचे हात शिवशिवतात. गेल्या वर्षी त्यांनी वर्गातला प्रिंटर उघडला होता. जोडला तेव्हा तीन स्क्रू उरले आणि प्रिंटर कायमचा मुका झाला. तेव्हा कमिटीनं त्यांना लेखी ताकीद दिली होती: पुन्हा कशाला हात लावलात तर वर्ग बंद.

"मंगळवारी चहाला आला नाहीत?" मास्तर म्हणाले.

"भूक नव्हती."

"चहाला भूक लागते?"

घड्याळजींनी भिंग काढलं, पुसलं, पुन्हा लावलं. तेवढ्यात मला आठवलं आणि मी सहज बोलून गेले, "अहो, मी नाही का तुम्हाला बोलवायला आले होते? तुम्ही कोपऱ्यात ओणवे होता. गुडघ्यांना धूळ. चष्मा पडला म्हणालात."

"हो, हो. चष्मा पडला होता," घड्याळजी म्हणाले.

मास्तर त्यांच्या छातीकडे बघत होते. मीही बघितलं. चष्मा काळ्या दोरीला बांधून गळ्यात लटकत होता, जसा गेली कित्येक वर्षं लटकतो आहे. तो पडणार कसा?

दुकानाबाहेर आल्यावर मी म्हटलं, "म्हणजे घड्याळजी चोर?"

"चोर कुणीच नाही," मास्तर म्हणाले. "उद्या सकाळी मागची खोली उघडा. सगळ्यांना बोलवा. पोस्टमनला तुम्ही स्वतः जाऊन आणा."

"आणि ऑपरेटरबाई?"

"त्यांना सांगा, बहिणीला येऊ नको म्हणून लिहायचं असेल तर इथंच येऊन लिहा. चार नंबरवर."

५

शनिवारी अकरा वाजता सगळे चार नंबरभोवती जमले. ऑपरेटरबाई खुर्चीत, पाठ ताठ. पोस्टमनकाका दारापाशी, यायला तयार नव्हते पण माझ्या शब्दाखातर आलेले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

मास्तरांनी वही उघडली.

"एक्केचाळीस पत्रं एका मिनिटात गेली. ताईंना एक पत्र उघडून पाठवायला अकरा सेकंद लागतात. एक्केचाळीसला साडेसात मिनिटं. आणि ताई आपल्यात सगळ्यात चपळ. आपल्यापैकी कुणी ते करायला बसता तर बुधवार उजाडला असता." कुणीतरी हसलं. "म्हणजे ही पत्रं माणसानं एकेक करून पाठवलेली नाहीत. मग कशी गेली? मी गेटवर होतो तेव्हा एका मिनिटात चाळीस-चाळीस कार्डं पडायची, पण केव्हा? गेट उघडायला उशीर झाला तरच. माणसं आधीच येऊन बाहेर उभी असायची. गेट उघडलं की सगळी एकदम आत. ही यादी पाहिली तेव्हा मला तेच दिसलं. पत्रं चोरून कुणी गोळा केली नव्हती. ती बंद गेटपाशी उभी होती. मंगळवारी दहा बावन्नला गेट उघडलं."

"ह्या मशीनला गेटच नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या. "लाइन मेलेली आहे."

"गुरुवारी तुम्ही बहिणीचं पत्र कोणत्या मशीनवर वाचलंत?"

बाईंनी चार नंबरच्या पडद्याकडे पाहिलं. मी कपाळावर हात मारून घेतला. मीसुद्धा तिथंच उभी राहून वाचलं होतं! बाहेरचं पत्र आत आलं होतं, मेलेल्या लाइनवर, आणि आम्हा दोघींच्या ते ध्यानातही आलं नव्हतं.

"लाइन जिवंत झाली होती," मास्तर म्हणाले. "कुणी केली, ते तो स्वतः सांगेल. मी वर पाहणार नाही."

त्यांनी खरंच मान खाली घातली.

"मी केली," घड्याळजी म्हणाले. "भिंतीतल्या सॉकेटमध्ये दोन तारा सुटल्या होत्या. केसाएवढ्या. दोन मिनिटांचं काम होतं हो! वर्षभर बघतोय, बाई ह्या मोडक्या मशीनवर बसतात. तक्रार करत नाहीत, जागा बदलून मागत नाहीत. मला वाटलं, मानी बाई आहे, मागणार नाही. आपणच करून ठेवावं. पत्रांचं मला खरंच काही माहीत नव्हतं. गुरुवारी हा गोंधळ झाला आणि मग माझी जीभच उचलेना. वर्ग बंद झाला तर मी दिवसभर करू काय?"

"कमिटीला काही कळणार नाही," मी म्हटलं. किल्ली माझ्याकडे असण्याचा तेवढा तरी उपयोग.

ऑपरेटरबाई मात्र मास्तरांकडेच बघत होत्या. "पण पत्रं होतीच कुठं? मी दर वेळी नाहीशी करत होते."

"तेच राहिलंय," मास्तर म्हणाले. "घड्याळजी, वायर काढा. आता मशीन पूर्वीसारखं झालं. बाई, बहिणीला काय कळवायचंय ते लिहा. आणि दर गुरुवारी करता तसंच नाहीसं करून दाखवा."

घड्याळजींनी वायर काढून हातात धरली. बाईंनी वही उघडली, पत्ता एकेक अक्षर तपासत टाइप केला आणि मग लिहिलं: "धाकटीस, ती पत्रं मी पाठवलेली नाहीत. येऊ नकोस."

मग त्यांनी माउस उचलून पुन्हा खाली ठेवला, बाण सावकाश वर नेला आणि एक बटण दाबलं. पत्र पडद्यावरून गेलं. कोपऱ्यात एक चिठ्ठी उमटली: जोडणी नाही.

"झालं नाहीसं," त्या म्हणाल्या.

ताईंनी तोंडावर हात ठेवला होता. बाईंनी दाबलेलं बटण ‘पाठवा’चं होतं.

६

ताई पुढे वाकल्या आणि त्यांनी पडद्यावरची अक्षरं लहान केली. डावीकडे इतके दिवस पडद्याबाहेर राहिलेली एक पट्टी आत आली. त्यात ‘आउटबॉक्स’ असं लिहिलेलं होतं आणि पुढे आकडा होता: एक.

"हा निघायच्या पत्रांचा खण," ताई म्हणाल्या. "तुमचं पत्र इथं आहे. दर गुरुवारचं इथंच येऊन पडत होतं."

"पण लाइन मेलेली असताना..." बाईंचा चेहरा एकदम गोंधळलेला दिसला. "एक्स्चेंजच्या बोर्डवरची जोडणीची दोरी काढलेली असेल, तर फोनच्या तोंडाशी कितीही बोला. शब्द कुठं जात नाहीत. राहतही नाहीत. एकतीस वर्षं मी ते काम केलंय. मला माहीत आहे."

इतका वेळ गप्प असलेले पोस्टमनकाका दारापासून पुढे आले.

"बाई, ही तुमची एक्स्चेंजची लाइन नाही," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "ही आमची पेटी आहे. पत्र पेटीत टाकलं की ते पेटीत राहतं. पाऊस असो, संप असो, महिनाभर गाडी न येवो. ज्या दिवशी पेटी उघडेल त्या दिवशी सगळी एकदम निघतात. तुम्ही बोलत नव्हता. टाकत होता."

बाई पडद्यावरच्या त्या एकाच्या आकड्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मीच पाठवली," त्या हळूच म्हणाल्या. मग मान वर केली, आणि थोडा जुना ताठपणा परत आला. "पण जाणार नाहीत म्हणूनच पाठवली ना! जातील हे माहीत असतं तर बटणाला हात लावला नसता."

हजेरीमास्तर वहीत बघून काहीतरी म्हणणार होते, पण काकांनी त्यांना हातानंच थांबवलं.

"एक विचारू? रागावू नका. जाणारच नव्हती, तर एक्केचाळीस वेळा पत्ता एवढा तपासून का लिहिलात?"

ऑपरेटरबाई समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देतात, पण वाक्य केव्हाच पुरं झालं होतं. त्यांनी चष्मा काढला. डोळे पुसायला त्यांना पदर सापडेना, तेव्हा मी माझा रुमाल दिला. मलाही तो हवा होता, पण इलाज नव्हता.

"काका," त्या म्हणाल्या, "मी तुम्हाला नको ते बोलले."

"मला कुठं बोललात? ग्रंथपालबाईंना बोललात," काका म्हणाले. "माझ्यापर्यंत पोचलंच नाही."

ते साफ खोटं होतं. पायरीवर बसलेला त्यांचा चेहरा मी पाहिला होता.

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं. पावणेबारा झाले होते. "ताई, खणातलं पत्र बाहेर काढता येतं का?"

"वायर लागेपर्यंत येतं."

घड्याळजींनी वायर दोन्ही हातांनी छातीशी धरली, जणू ती आपण होऊन सॉकेटमध्ये जाऊन बसणार होती. ताईंनी पत्र उघडून दिलं. बाईंनी शेवटापासून एकेक अक्षर खोडायला सुरुवात केली. आम्ही सगळे भिंतीकडे, खिडकीकडे, कुठंतरी बघत राहिलो. पोस्टमनकाका तर पाठ करूनच उभे होते. टाइप करायला बाईंना दहा मिनिटं लागली. मग बटणाचा आवाज आला.

"घड्याळजी," त्या म्हणाल्या, "लावा वायर."

घड्याळजी गुडघ्यावर बसले. आउटबॉक्ससमोरचा एकाचा आकडा क्षणभर तसाच राहिला आणि मग निघून गेला.

"गेलं?" बाईंनी विचारलं. ताईंना नाही, काकांना.

"गेलं," काका पाठमोरेच म्हणाले.

पत्रात काय होतं, हे मी विचारलं नाही. बाईंनीच जाताना सांगितलं, रुमाल परत करताना. दोनच वाक्यं होती. "रविवारी ये. ह्या वेळी मी लाइन कापणार नाही."

मंगळवारी वर्ग नेहमीसारखा भरला. पोस्टमनकाका आले, एक मिनिट उशिरा, आणि मास्तरांनी ते मिनिट लिहिलं. घड्याळजी दोन्ही हात खिशात घालून बसले होते. चार नंबर चालू होतं आणि त्याची खुर्ची रिकामी होती. साडेदहापर्यंत बाई आल्या नाहीत. मी दोनदा दारापर्यंत जाऊन रस्ता पाहून आले, आणि दुसऱ्यांदा परतताना मास्तरांच्या खांद्यावरून वहीत डोकावले.

ऑपरेटरबाईंच्या नावासमोर त्यांनी गैरहजर लिहिलं होतं. कारण: बहीण आली आहे. आणि पुढच्या रकान्यात, जे लिहिताना कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांचा हात आखडला असेल, ते ठळक अक्षरांत लिहिलं होतं: रजा मंजूर.